जुन्या यंत्राचा शेजारी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यास घरच्या कपाटांत वडिलांचें जुनें खिशांतलें यंत्र सांपडलें. तें सन २००३ च्या सुमाराचें, ‘पॉकेट पीसी’ या जातीचें होतें. मुलानें खटपट करून नवी बॅटरी मिळविली व यंत्र जागें केलें. परंतु घरचें वाय-फाय कांहीं केल्या त्यास जवळ येऊं देईना. तेव्हां या हुशार मुलानें वाय-फायचें आधुनिक कुलूप काढून त्या जागीं त्या यंत्रास कळेल असें जुन्या पद्धतीचें कुलूप लाविलें. यंत्र इंटरनेटास जोडलें गेलें. पण तें दुबळें कुलूप पुढें तीन आठवडे तसेंच राहिलें. वडिलांस हें कळलें तेव्हां ते संतापले, आणि यंत्र भंगारांत टाकण्यापूर्वीं आमचें मत घ्यावें म्हणून शाळेंत आले. तें मत येथें मांडीत आहों. कारण असा प्रसंग कोणत्याहि घरीं येण्याजोगा आहे.

प्रथम चूक कोठें झाली तें पाहूं. त्या काळच्या पुष्कळशा यंत्रांस ‘वेप’ नांवाचें एकच कुलूप ठाऊक असे. तें सहज फोडतां येतें, असें फ्लूरर, मँटिन व शमीर या तिघां विद्वानांनीं सन २००१ मध्येंच दाखवून दिलें. आणि आज तर साध्या संगणकावर हें काम थोड्या मिनिटांत होतें. म्हणजे एका म्हाताऱ्या पाहुण्यास आंत येतां यावें म्हणून या मुलानें सबंध घराची कडी काढून ठेविली. ज्या वाय-फायवरून आई बँकेचा व्यवहार करिते, त्याचीच ही कडी होती. मुलाची इच्छा वाईट नव्हती, वाट चुकली.

योग्य वाट नवी नाहीं. या यंत्रांचा स्वभावच मुळीं शेजाऱ्याच्या आधारानें राहण्याचा होता. सन १९९६ मध्यें अमेरिकेंत ‘पायलट’ नांवाचें यंत्र निघालें. त्याची एक लहानशी बैठक असे, व ती तारेनें मेजावरील संगणकास जोडलेली असे. बैठकीवरील एक बटण दाबलें कीं खिशांतील टिपणें संगणकांत उतरत आणि संगणकांतील खिशांत येत. पुढें १९९७ च्या ‘पामपायलट प्रोफेशनल’ यंत्रास इंटरनेटची बोलीहि समजूं लागली. आणि सन २००० मध्यें मायक्रोसॉफ्टचीं पॉकेट पीसी यंत्रें आलीं, तीं ‘ॲक्टिव्हसिंक’ या प्रोग्रामच्या साह्यानें, संगणकाच्या तारेंतूनच बाहेरच्या जगाशीं बोलूं शकत.

हें घडतें कसें, हें मुलांनीं नीट समजून घ्यावें. तार जोडिली म्हणजे हें यंत्र ‘क्लायंट’ अशी हाक मारितें. संगणकानें ‘क्लायंटसर्व्हर’ अशी ओ दिली पाहिजे. ती न आल्यास पुढचें बोलणेंच होत नाहीं. ओ मिळाली कीं ‘पीपीपी’ नांवाच्या नियमांप्रमाणें, एका वेळीं केवढा मजकूर पाठवावयाचा इत्यादि करार होतात, व संगणक त्या यंत्रास एक घरगुती पत्ता देतो. हा पत्ता बाहेरच्या जगास ठाऊक नसतो. वसतिगृहांतील मुलांचीं पत्रें जशीं सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या मार्फत जातात व येतात, तद्वत् येथेंहि चालतें. संगणक प्रत्येक पत्रावर स्वतःचा पत्ता घालतो, कोणाचें कोणतें याची वही ठेवितो, आणि उत्तर येतांच तें ज्याचें त्यास पोंचवितो. यांत घरच्या वाय-फायच्या कुलुपास हात लावावा लागत नाहीं.

तथापि दुसरी एक अडचण उरते. आज बहुतेक संकेतस्थळें मजकूर कुलूपबंद करून धाडितात, व हीं कुलुपेंहि वेळोवेळीं बदलतात. टीएलएस १.० आणि १.१ हे जुने प्रकार मार्च २०२१ मध्यें रीतसर बाद ठरले. नवीं कुलुपें जुन्या यंत्रास उघडत नाहींत. यावर उपाय असा कीं, संगणकावर ‘प्रॉक्सी’ चालवावी. ती नवें कुलूप स्वतः उघडिते आणि आंतील मजकूर साध्या रूपानें यंत्राच्या हातीं देते. डोळे अधू झालेल्या आजोबांस नातवानें पत्र वाचून दाखवावें, तसाच हा प्रकार. पण वाचून दाखविणारास पत्रांतील मजकूर कळतोच, हें विसरूं नये. म्हणून अशा यंत्रावर बँकेचा व्यवहार करूं नये, व कोणताहि पासवर्ड लिहूं नये.

शिवाय हात देणारा स्वतः धडधाकट पाहिजे. ‘ॲक्टिव्हसिंक’ चालावें म्हणून कोणी विंडोज एक्सपीचा जुना संगणक काढतील. पण त्या प्रणालीची डागडुजी कंपनीनें ८ एप्रिल २०१४ नंतर थांबविली. एका आंधळ्यानें दुसऱ्यास रस्ता ओलांडून नेण्यासारखें तें होईल. त्यापेक्षां अद्ययावत् लिनक्स असलेला संगणक बरा.

कोणी पालक म्हणतील, “मास्तर, इतका उपद्व्याप कशास? अभ्यास बुडतो, आणि पदरांत काय पडतें?” हा प्रश्न रास्त आहे. जुनें यंत्र नव्या मोबाइलची जागा घेईल, असें आम्ही म्हणत नाहीं. बैठकीच्या जुन्या सिरियल तारेचा वेग फार तर सेकंदास १,१५,२०० बिट, म्हणजे सुमारें ११,५२० बाइट. आजच्या मोबाइलवरील ३० लाख बाइटांचें एक छायाचित्र तिच्यांतून यावयास चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. परंतु ज्या मुलानें तीं चार मिनिटें घड्याळ लावून मोजलीं, त्यास चित्रासहि वजन असतें हें पुन्हा शिकवावें लागत नाहीं. नवा मोबाइल पत्ता, करार, कुलूप हें सारें झांकून ठेवितो, आणि आपलें कोण काय वाहतो हें आपणांस कळतहि नाहीं. जुनें यंत्र तें उघडें करून दाखवितें. शनिवारचे दोन तास याकरितां खर्चिले तर ते वायां गेले असें आम्हांस वाटत नाहीं. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर यंत्र चेतवूं नये. तें ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीं द्यावें.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आमच्या शाळेंतील सर्व मुलांस, मग तीं कोणत्याहि धर्माचीं असोत, ठाऊक आहे. त्यानें जखमी मनुष्यास आपल्याच जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेलें व खर्चाची हमी स्वतः घेतली. यासाठीं गांवच्या वेशी रात्रभर उघड्या ठेवा, असें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. दुबळ्यास बरोबर न्यावयाचें तर सर्वांचें संरक्षण सैल करूं नये. समर्थानें त्याचा भार उचलावा, आणि तोहि घरच्यांस सांगूनसवरून. यंत्रांविषयीं आमचें मत एवढेंच. आणि माणसांविषयींहि याहून निराळें नाहीं.

त्या मुलानें वडिलांची क्षमा मागितली व घरचें कुलूप पूर्ववत् केलें. नंतर एका शनिवारीं, वडिलांच्या समक्ष, शाळेच्या संगणकास तार लावून तें यंत्र पुन्हा जोडण्यांत आलें. पहिल्या पानावरील अक्षरें एकेक ओळ उमटूं लागलीं, तेव्हां भंगाराची भाषा करणारे वडीलच खुर्ची पुढें ओढून बसले होते.