वर्गणी नंतर, आधी सही

कोकणातल्या जवळपास प्रत्येक गावाचं एक मंडळ मुंबईत असतं. देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेचं छप्पर, पावतीपुस्तक फिरलं की पैसे उभे राहतात. या मंडळांना आणि त्यांच्या चाकरमानी सभासदांना यंदा विनंती आहे, ती वर्गणीची नाही. सहीची आहे.

2001 ते 2011 या काळात राज्याची लोकसंख्या वाढत होती, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याची 16,96,777 वरून 16,15,069 वर उतरली. सिंधुदुर्गाचीही घटली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया भरल्या. पुरुष मुंबईत, एवढाच त्याचा अर्थ. गावात काम नाही म्हणावं, तर हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. मुलगा विरार लोकलला लोंबकळतो आणि त्याच्या काकांची बाग नेपाळी गडी राखतो. त्या गड्याबद्दल तक्रार नाही, तोही घर सोडूनच आलेला. पण हे काम चार महिन्यांचं, आणि चार महिन्यांवर कुणाचा संसार उभा राहत नाही.

बारमाही काम काजूत आहे. आज बी उन्हात वाळते आणि पोत्यातून व्यापाऱ्याकडे जाते. तीच गावात वाफवली, फोडली, गर भट्टीत सुकवून सोलला, अख्खा नि तुकडा निवडला, तर वाळलेली बी साठवून पावसाळ्यातही बायकांच्या हाताला काम राहतं. बोंडूची तर दैनाच. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेच्या अलीकडे तो झाडाखाली कुजतो आणि माश्या घोंगावतात. अशा छोट्या प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची 2020 पासूनची योजना आहे. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासनं दुसरी वाट दाखवली. तिथल्या किनाऱ्यावरची कासवाची अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखली, आणि आता पिल्लं समुद्राकडे निघण्याच्या दिवसांत पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचंच जेवतात. त्यासाठी हॉटेल बांधावं लागलं नाही. घर उघडं असावं लागलं.

इथंच गाडं अडतं. घराला कुलूप, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली वीस-तीस वारस. एक बोरिवलीत, एक पुण्यात, एक कुठं आहे कुणालाच ठाऊक नाही. गावात राहिलेल्या भावाला कलमं लावायची असली, शेड घालायची असली, तरी बँक आणि कृषी खातं सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात. ते काही मिळत नाही, जमीन पडीक राहते आणि वणवा तेवढा दरवर्षी न चुकता येतो.

सही न देण्यामागे नुसता आळस नाही, भीती आहे. 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं मालक झाली, ती आठवण घराघरांत जिवंत आहे. शिवाय सही केली म्हणजे हिस्सा गेला, असंही वाटतं. पण लागवडीची संमती म्हणजे हक्कसोड नव्हे. मजकूर वकिलाकडून वाचून घ्यावा, क्षेत्र आणि मुदत कागदावर लिहावी. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटपच करून घ्यावं. भाऊबंदकी मिटेल अशी आशा भाबडी आहे. निदान हिस्से वेगळे होतील.

तेव्हा मंडळांनी गणपतीला निघण्याआधी एक बैठक घ्यावी. प्रत्येक घराची वारसांची यादी करावी, सातबाऱ्याचे उतारे ऑनलाइन काढावेत, ओळखीचा वकील गाठावा. गावात कोण काय करू पाहतंय, तेही फोनवर विचारून ठेवावं. सणाच्या सुट्टीत सरकारी कचेऱ्या बंद असतात, म्हणून तिथली कामं आधी उरकावीत. सह्या मात्र गावातच होऊ द्याव्यात: गौरी-गणपतीला बहुतेक वारस एका पडवीत सापडतात, आणि परतीची गाडी बहुधा संध्याकाळची असते.