उत्तरपत्रिकेपलीकडचे लेखन

शाळेत मूल दहा वर्षे सतत लिहीत असते. पण ते कोणाला उद्देशून लिहिते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. भूगोलातील ‘कारणे द्या’, विज्ञानातील ‘फरक स्पष्ट करा’, इतिहासातील ‘टीपा लिहा’ या सर्व लेखनाचा वाचक एकच असतो, तो म्हणजे परीक्षक. त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. ज्याला माहीत आहे त्यालाच माहिती सांगायची, हा व्यवहार शाळेच्या चार भिंतींबाहेर कोठेही आढळत नाही. ब्रिटनमधील शिक्षणतज्ज्ञ जेम्स ब्रिटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ ते १८ वयोगटातील विद्यार्थ्यांचे सुमारे दोन हजार लेख तपासून १९७५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यातील जवळपास निम्मे लेखन केवळ ‘परीक्षक शिक्षका’साठी झाल्याचे दिसले होते. महाराष्ट्रातील वह्या तशाच तपासल्या, तर चित्र याहून फारसे निराळे दिसण्याची शक्यता कमीच.

यावरचा एक उपाय म्हणून भूमिकाधारित लेखनाची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली. तिचे सूत्र चार प्रश्नांचे आहे : लिहिणारा कोण, वाचणारा कोण, लेखनाचा प्रकार कोणता आणि विषय काय? ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असे न विचारता, मिठागरातील अनुभवी कामगाराने नव्या कामगाराला दिलेल्या सूचना लिहावयास सांगायच्या. विषय तोच राहतो. परंतु पाठ केलेली व्याख्या येथे पुरत नाही. ऊन, वारा आणि पाण्याची खोली यांचा संबंध समजल्याशिवाय त्या सूचना लिहिताच येत नाहीत.

मराठी शाळेला ही कल्पना अगदीच परकी नाही. फाटक्या पुस्तकाचे मनोगत किंवा ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हे निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले आहेत. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतही पत्रलेखन, बातमीलेखन, जाहिरातलेखन आणि आत्मकथन यांना स्थान आहे. तथापि दोन उणिवा राहतात. एक म्हणजे हे सारे भाषेच्या तासापुरते मर्यादित आहे. गणित, विज्ञान व भूगोलाच्या शिक्षकाला त्याच्याशी कर्तव्य नसते. दुसरे म्हणजे या आत्मकथनांना माहितीची गरज भासत नाही. छत्रीचे मनोगत लिहिण्यासाठी छत्रीविषयी काहीही ठाऊक असावे लागत नाही. चार करुण वाक्ये आणि शेवटी एक उपदेश एवढ्यावर गुण मिळतात. भूमिकाधारित लेखनाची कसोटी नेमकी याच्या उलट आहे. भूमिका ज्ञानाशिवाय उभी राहत नसेल, तरच ती शाळेच्या कामाची.

ही पद्धत कोठे सर्वाधिक उपयोगी पडेल, याचा विचार करताना बोईसरच्या पूर्वेला चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या बेटेगावसारख्या गावाकडे पाहावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. परंतु या पट्ट्यातील उलथापालथ त्याआधी कितीतरी वर्षांपासून चालू आहे. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली. त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. आता मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे बोईसर स्थानक याच भागात उभे राहत आहे, तर डहाणू तालुक्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. अशा परिसरातील वर्गात वारली, मांगेली, गुजराती, हिंदी, भोजपुरी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. कोणाचा बाप रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जातो, कोणाची जमीन मोजणीत गेलेली असते, तर कोणाचे घर मासेमारीवर चालते. पाठ्यपुस्तकातील जवळपास प्रत्येक प्रकरण या मुलांच्या दारातून जाते. वहीत मात्र त्याची खूण उमटत नाही.

गणिताचेच उदाहरण घ्यावे. सूर्या धरणातून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची प्रादेशिक योजना आखली गेली; त्यात मीरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटर आहे. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरासाठी दरडोई प्रतिदिन १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते, तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ते ५५ लिटर धरले. सातवीच्या विद्यार्थ्याला योजनेच्या अभियंत्याची भूमिका देऊन कालव्याकाठच्या ग्रामसभेसाठी निवेदन लिहावयास सांगितले, तर त्याला भागाकार करावाच लागेल. २१८ दशलक्ष लिटर पाणी शहरी प्रमाणाने सुमारे १६ लाख माणसांना आणि ग्रामीण प्रमाणाने सुमारे ४० लाख माणसांना पुरते, हे उत्तर कोणीही काढील. परंतु गावातल्या माणसाला ५५ आणि शहरातल्या माणसाला १३५ लिटर का, हे ग्रामसभेपुढे सांगण्याची वेळ येते तेव्हा त्याला आकड्यांमागची गृहीतके तपासावी लागतात. त्याच वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याने कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याची भूमिका घेऊन त्या निवेदनाला उत्तर लिहिले, तर गणित आणि नागरिकशास्त्र यांच्यातील भिंत आपोआप पडते.

विज्ञानाची गोष्टही अशीच आहे. औद्योगिक सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ या मर्यादेत असावा, असा देशातील सर्वसाधारण नियम आहे. जैविक ऑक्सिजन मागणीची मर्यादा नदी-नाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, तर समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी ती १०० मिलिग्रॅम आहे. तारापूर वसाहतीचे प्रक्रिया केलेले पाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे नेले जाते, आणि त्याविषयीची तक्रार मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली होती. प्रक्रिया केंद्रातील रसायनतज्ज्ञाने नवापूरच्या मच्छीमारांना लिहिलेले पत्र, असा विषय दहावीच्या वर्गाला दिला, तर समुद्रासाठी मर्यादा सैल का, पाण्यात मिसळल्याने प्रदूषण संपते की केवळ पसरते, या प्रश्नांना बगल देता येत नाही. आम्ल-आम्लारीचे प्रकरण पाठ असलेले मूल येथे अडखळते. समजलेले मूल मात्र साध्या शब्दांत सांगू शकते. शिक्षकाला हवा असलेला फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दिसत असेल.

इतिहासात या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. या घटनेचा मामलेदाराने वरिष्ठांना पाठविलेला अहवाल आणि मोर्चात चाललेल्या तरुणाने घरी लिहिलेले पत्र, असे दोन लेख एकाच वर्गात तयार झाले, तर घटना एक असूनही शब्द कसे बदलतात, ‘जमाव’ कोण म्हणतो आणि ‘मोर्चा’ कोण म्हणतो, हे मुलांना स्वतःच उमगते. साधनांची चिकित्सा हा इतिहासाचा गाभा आहे, तो असा हाताला लागतो.

महाराष्ट्राच्या या कोपऱ्यात अशा विचाराची परंपराही आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम विस्तारले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, हा त्यांचा निर्णय होता. शिक्षणाने मुलाच्या जगण्याकडे चालत जायचे असते, हे सूत्र त्यांनी परदेशी परिभाषेचा आधार न घेता सिद्ध केले. वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात आदिवासी भागातील शाळांत बालसाहित्यातील गोष्टी नाट्यरूपाने सादर होतात आणि त्यांच्या आधाराने भाषेचे काम केले जाते. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने अनुभवातून लेखन कसे फुलते, हे दाखवून दिले. या प्रयोगांचा भर प्रामुख्याने लहान वयावर आणि भाषेवर राहिला, हे खरे. सहावी ते दहावीच्या विषयशिक्षकापर्यंत हा विचार पोहोचविणे, हे काम अजून बाकी आहे.

ते का राहिले, याची कारणे शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. परीक्षेत जे विचारले जात नाही, ते वर्गात टिकत नाही. २०१८-१९ मध्ये दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळांतर्गत गुण बंद झाले. मार्च २०१९ चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत देण्यात आले. या सर्व चर्चेत त्या २० गुणांत मुलांनी नेमके काय करावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. गुणांचे दान की गुणांचे दमन, एवढ्यावरच वाद रंगला. शिक्षकाच्या अडचणीही खोट्या नाहीत. मोठा वर्ग, अशैक्षणिक कामे, ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा यांतून साठ निराळे लेख तपासायचे कधी आणि ‘कल्पकते’ला गुण द्यायचे कसे, असे तो विचारतो, तेव्हा त्याला उपदेश करून भागत नाही.

पद्धतीचे स्वतःचे धोकेही आहेत. विषय निसटून केवळ भावनांचा पूर आला, तर छत्रीचे मनोगत नव्या वेष्टनात परत येते. त्याहून गंभीर धोका भूमिकांच्या वाटपाचा आहे. ज्याचे घर प्रकल्पात गेले आहे, त्या मुलाला प्रकल्पाधिकाऱ्याची बाजू लिहावयास लावणे, किंवा शहरी वस्तीतील मुलांनी ‘भोळ्या आदिवासी’चे साचेबंद चित्र रंगवणे, यात शिक्षण नाही. अमेरिकेतील काही शाळांत गुलामगिरीवर असे भूमिकापाठ घेतले गेले, तेव्हा पालकांनी योग्य आक्षेप घेतले होते. म्हणून भूमिका निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क मुलाकडे असलाच पाहिजे. ज्या गावात अर्धी घरे कारखान्यांवर आणि उरलेली त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीवर उभी आहेत, तेथे शिक्षकाने एकच बाजू देणे हेही अन्यायाचेच ठरेल.

या अडचणींचे उत्तर पद्धत सोडून देण्यात नसून तिचा आवाका लहान ठेवण्यात आहे. प्रत्येक सत्रात प्रत्येक विषयाला एकच असा लेख, तोही एका पानाचा, एवढे पुरेसे आहे. तपासणीचे दोन रकाने असावेत : विषयाची अचूकता विषयशिक्षकाने पाहावी; वाचकाला अनुसरून केलेली मांडणी भाषाशिक्षकाने पाहावी. कल्पकतेला वेगळे गुण देण्याची गरजच नाही. लिहिण्याआधी मुलांनी आपापल्या बोलीत भूमिका बोलून पाहावी. वारली किंवा भोजपुरीतून स्पष्ट झालेला विचार प्रमाण मराठीत उतरविणे हे मुळात न समजलेले वाक्य उतरवून काढण्यापेक्षा केव्हाही सोपे. यासाठी नव्या आदेशाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणताना सातवी-आठवीच्या आकारिक मूल्यमापनाला ४० टक्के भार दिला आणि उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने शिक्षकाच्या हाती दिली. ती साधने बव्हंशी तक्ते भरण्यात खर्ची पडली, हा दोष निर्णयाचा कमी आणि अंमलबजावणीचा अधिक.

आता या प्रश्नाला तातडीही आली आहे. ‘वाचनाचे महत्त्व’ यावर तीनशे शब्दांचा निबंध आज भ्रमणध्वनीवरील यंत्र काही क्षणांत लिहून देते. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांनी जे काम अर्धवट केले होते, ते या यंत्रांनी पूर्ण केले आहे. गावच्या विहिरीच्या पाण्याचा सामू मुलांनी स्वतः मोजला आणि तो आकडा घेऊन सरपंचांना पत्र लिहिले, तर त्यातील मोजणी यंत्र उसनी देऊ शकत नाही. अर्थात पत्राची भाषा यंत्राकडून घासूनपुसून घेतली जाईलच. म्हणूनच असे लेखन वर्गात, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर आणि चर्चेनंतर व्हायला हवे.

बेटेगाव परिसरातील आजच्या शाळकरी पिढीला उद्या जमीन, पाणी, नोकरी आणि नुकसानभरपाई यांविषयीची कागदपत्रे वाचावी लागणार आहेत. त्यांना उत्तरेही द्यावी लागणार आहेत. भूसंपादनाच्या नोटिशीवरील हरकत, प्रदूषण मंडळाकडील तक्रार, ग्रामसभेचा ठराव या सर्व लेखनात कोण लिहितो, कोणाला लिहितो आणि कोणत्या आधारावर लिहितो, हे तीनच प्रश्न निर्णायक ठरतात. ज्या मुलाने दहा वर्षे केवळ परीक्षकासाठी लिहिले, त्याला हरकतीचा अर्ज लिहिण्यासाठी दलालाचा दरवाजा ठोठवावा लागतो. शाळेने हे तीन प्रश्न गणिताच्या, विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या तासाला विचारायला सुरुवात केली, तर तो अर्ज त्याला स्वतः लिहिता येईल.