उत्सवातील नवा मध्यस्थ

देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला, असा रोखठोक सवाल जोतीराव फुले यांनी केला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज उभा राहिला. कोल्हापुरात त्याची शाखा १९११ साली निघाली. पुढे जलशाच्या फडातून हाच सवाल गावोगाव फिरला व शेतकऱ्या-कारागिरांच्या घरांत शिरला. देवापुढचा दलाल आज पुरता हटला असे आम्ही म्हणत नाही. पण त्याला ओळखायला आपण शिकलो एवढे खरे. मात्र आपले लक्ष त्याच्यावर असताना मागल्या दाराने दुसराच एक मध्यस्थ आपल्या सार्वजनिक उत्सवांत येऊन बसला आहे. तो सोवळे नेसत नाही, मंत्र म्हणत नाही, आणि जातीने बहुधा आपल्यातलाच असतो. ज्या थोर पुरुषाच्या नावाने लोक जमले, तो पुरुष आणि ते लोक यांच्या बरोबर मधोमध त्याचा सोफा मांडलेला असतो. सत्कार हा त्याचा विधी, शाल-श्रीफळ हा त्याचा नैवेद्य, आणि दक्षिणा जाते ती तुमच्या-आमच्या वर्गणीतून. त्या मध्यस्थाविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

आम्ही आजऱ्याच्या पंचक्रोशीत वीसेक वर्षे मास्तरकी करीत आहोत. जयंती असो, पुण्यतिथी असो, मेळावा असो की मिरवणूक असो, मास्तरला बोलावणे असतेच. कारण मास्तर आला की मागोमाग पोरांची रांग येते आणि मोकळी सतरंजी भरून दिसते. आजऱ्यात आणि कोल्हापूर शहरात असे किती समारंभ आम्ही पाहिले याची मोजदाद नाही. ते पुढे बसून पाहिले नाहीत, मागे उभे राहून पाहिले. व्यासपीठावरून लोक कसे दिसतात हे सांगणारे पुष्कळ आहेत. लोकांतून व्यासपीठ कसे दिसते हेही कोणीतरी सांगितले पाहिजे.

राजर्षी शाहू महाराजांची जयंती २६ जूनला येते. त्यांचा जन्म १८७४ सालचा. जूनअखेर आजऱ्याकडे पावसाने जोर धरलेला असतो. घनसाळाचे तरवे वर आलेले असतात. कोणाचे बांध घालायचे राहिलेले, कोणाची बैलजोडी अडलेली. अशा दिवसांत सकाळी अकराचा समारंभ ठेवला तर त्यास येणार कोण? नोकरदार येतात, पुढारी येतात आणि शाळेची पोरे आणली जातात. ज्यांच्यासाठी महाराज जन्मभर झटले तो कुणबी, तो कुंभार, तो चांभार त्या वेळी चिखलात नाहीतर आपल्या कामावर असतो.

अशाच एका जयंतीला आम्ही पोरे घेऊन गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. वाचकांपैकी पुष्कळांना ते आपलेच गाव वाटेल. अकराचे प्रमुख पाहुणे दीडला उगवले. व्यासपीठावर पुरुषांची दाटी, आणि एक बाई होती ती फुलांचे तबक धरण्यापुरती. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांनी आयोजकांचा केला, आयोजकांनी पाहुण्यांचा केला, मंडप घालणाराचा झाला, फलक छापणाराचा झाला. महाराजांच्या तसबिरीला एक हार पडला. बाकीचे हार कोणाच्या गळ्यात गेले हे सांगावयास नको. शेवटी पाहुण्यांना दुसरीकडे जायचे असल्याने महाराजांच्या कार्यावरचे भाषण आटोपते घेण्यात आले. उपाशी पोरांना घेऊन परत येताना सातवीतल्या एका पोराने विचारले, “गुर्जी, समदं झालं, पर शाहू महाराजांनी केलं काय?”

त्या पोराचा प्रश्न हाच आमच्या मते त्या समारंभाचा हिशेब होय. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी करवीर राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. निरनिराळ्या जातिधर्मांच्या पोरांसाठी वसतिगृहे काढली. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. एवढे सांगायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे दोन तासांत सापडली नाहीत. जी माणसे महाराजांमुळे शिकली व खुर्चीवर बसली, त्यांनीच महाराज आणि ते पोर यांच्यामध्ये आपल्या खुर्च्या मांडल्या, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

महाराजांना स्वतःला सार्वजनिक जागा कशी बांधावी हे चांगले कळत होते. ज्यांनी कोल्हापूरचे खासबाग मैदान पाहिले असेल त्यांनी ते पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावे. १९०२ साली महाराज विलायतेस गेले असता रोम येथील जुने रिंगण त्यांनी पाहिले, आणि त्या धर्तीवर १९१२ साली हे मैदान बांधून झाले. आखाडा खाली आहे आणि लोकांची बैठक भोवतीने चढत गेलेली आहे. मागल्या टोकाला बसलेल्या हमालालाही पुढच्याइतकीच कुस्ती दिसते. राजघराण्यासाठी वेगळी जागा आहे हे खरे. पण ती कोणाच्या नजरेआड येत नाही. ज्याला आपले कर्तब दाखवायचे आहे त्याने खाली मातीत उतरावे आणि लोकांनी वर बसून त्याची पारख करावी, अशी ती रचना. आजचे व्यासपीठ नेमके उलटे आहे. ज्याने काही दाखवायचे नाही तो वर, आणि पाहणारा खाली मान वर करून!

महाराजांचा दुसरा एक समारंभ तर एका चहाच्या कपाएवढा होता. गंगाराम कांबळे हा त्यांच्या पागेतला नोकर. अस्पृश्य असून पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला शहरात चहाचे हॉटेल काढून दिले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या हॉटेलापुढे उभी करवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मोठमोठ्या लोकांनाही पाजीत. त्याला मंडप नव्हता, निमंत्रणपत्रिका नव्हती. पण त्या चहाने जे काम केले ते शंभर ठरावांनी झाले नसते. उत्सव लोकांच्या देखत होतो, म्हणूनच त्यात काय करावयाचे याला महत्त्व आहे.

आता आम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या दोन चांगल्या गोष्टी सांगतो. नाहीतर मास्तर नुसता कुरकुऱ्या आहे असे कोणी म्हणेल.

पहिली गोष्ट कोल्हापूरच्या दसऱ्याची. विजयादशमीला सायंकाळी दसरा चौकात अंबाबाईची आणि तुळजाभवानीची पालखी येते. छत्रपती घराण्याची मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, शमीपूजन होते, आणि मग सोने लुटायला गर्दी धावते. त्या थाटात राजेशाहीचा भाग आहे, आणि राजेशाही तर कधीच गेली, हे आम्ही जाणतो. थाट पाहून डोळे दिपवून घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. पण लूट संपल्यानंतरची घटका पाहावी. गाडीवाला, भाजीवाली, शेतावरून आलेला म्हातारा, कोण कोणाचा कोण, एकमेकांच्या हातात आपट्याचे पान ठेवतात आणि “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” म्हणतात. पानाला बाजारात किंमत नाही, म्हणूनच ते देताना कोणी लहान-मोठा राहत नाही. त्याच चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि जवळच १९०६ सालच्या मुस्लिम बोर्डिंगची इमारत उभी आहे. त्या गर्दीत आमच्या पोरांना दोन्ही दाखवून महाराजांनी काय केले ते सांगावयास आम्हांस पाच मिनिटे लागली.

दुसरी गोष्ट ६ मे २०२२ ची. महाराजांच्या निधनाला त्या दिवशी शंभर वर्षे झाली. सकाळी दहा वाजता शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहावे, असे ठरले होते. आम्ही कोल्हापुरातच होतो. दहा वाजले आणि रस्ता थांबला. एस.टी. थांबली, रिक्षा थांबली, हातगाडीवाल्याने तराजू खाली ठेवला. त्या शंभर सेकंदांत व्यासपीठ नव्हते, म्हणून खाली-वर नव्हते. जो जेथे उभा होता तेच त्याचे मानाचे स्थान. आमच्या शेजारी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई उभी होती. तिने पाटी उतरवली नाही, फक्त पावले जुळवून उभी राहिली. मोठमोठ्या मंडपांत महाराजांना वाहिलेली इतकी खरी सलामी आम्ही पाहिली नाही, आणि तिला खर्च आला शून्य रुपये.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, उत्सवात थोडी मौज नको काय? राबणाऱ्या कार्यकर्त्याला मान नको काय? मौज अवश्य हवी. वर्षभर मातीत राबणाऱ्याने चार दिवस आनंद केला तर कोणाचे पोट दुखावे? महाशिवरात्रीला हिरण्यकेशीच्या काठी आमच्या रामतीर्थावर यात्रा भरते. बायाबापड्या येतात, पोरे शिट्ट्या वाजवतात, बांगडीवाल्याची चार पैशांची विक्री होते. ती मौज आम्हांसही प्यारी आहे. मानाविषयी म्हणाल तर ज्योतिबाची चैत्र यात्रा पाहावी. सासनकाठ्यांचा तेथे क्रम ठरलेला आहे, मानपान आहेत. पण काठीचा मान मिळवायचा तर ती उंच काठी उन्हात खांद्यावर पेलावी लागते, तोल सांभाळून नाचवावी लागते. भार वाहील त्याला मान, हा खेड्यातला न्याय. भार एकाने वाहावा आणि शाल दुसऱ्याने पांघरावी, हा न्याय नव्हे.

आणि पैशाचे काय? वर्गणीची पावती घेऊन पोरे दारात आली की ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. ज्याच्या घरी दवाखान्याचे कर्ज आहे तोही शेजाऱ्यापुढे मान खाली नको म्हणून नोट काढून देतो. तो पैसा जातो कोठे? मोठा वाटा जातो छाती हादरवणाऱ्या भोंग्यांच्या भिंतींत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा घालतात, आणि काही थोडे सवलतीचे दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवावयास सांगतात. तान्ही पोरे, म्हातारी माणसे, गोठ्यातली गुरे यांचा विचार कायद्याने केला. आपण केला नाही. हिशेबाचेही तेच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० सालच्या कायद्यात कलम ४१ क आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करावयाची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि हिशेब द्यावा, असा त्याचा अर्थ. भटाच्या दक्षिणेचा हिशेब मागा म्हणून आपल्या वाडवडिलांना शिकविले गेले. मग आपल्याच पोरांकडे वर्गणीचा हिशेब मागताना आपली जीभ का अडखळते?

उत्सव ही बिनभिंतींची शाळा आहे, हे आपल्या पूर्वीच्या लोकांना पक्के ठाऊक होते. १८९३ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तेव्हा ब्राह्मणेतर तरुण घरी रुसून बसले नाहीत. त्यांनी छत्रपती मेळे काढले आणि आपले म्हणणे पदांतून लोकांपुढे मांडले. जलसेकऱ्यांनी तमाशातले गण-गौळणीचे रूप घेतले आणि त्यात शिक्षणाचे, कर्जबाजारीपणाचे, भोळसटपणाचे विषय भरले. ऐकणारा हसत हसत शहाणा होऊन घरी जात असे. आज त्याच वारसांच्या उत्सवातून पोर घरी जाते ते कान बधिर करून, आणि एक धडा पाठ करून: मोठे व्हायचे म्हणजे वर चढून बसायचे, बाकीच्यांनी खाली टाळ्या वाजवायच्या. हा धडा आम्ही वर्गात शिकविलेला नाही. पण वर्गातला धडा विसरतो आणि जत्रेतला राहतो, हा आमचा नित्याचा अनुभव.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींना आमची हात जोडून सूचना आहे. पुढच्या उत्सवाच्या बैठकीत चार गोष्टी मागा. शेतकामाच्या दिवसांत समारंभ सायंकाळी ठेवा, आणि एके वर्षी चौकात तर एके वर्षी वाडीवर, मागासांच्या वस्तीत न्या. पाहुणा आला नाही तरी ठरल्या वेळी सुरुवात करा. वाट पाहावी असा मान फक्त पावसाचा आहे. सत्कार करायचाच तर वर्षात एक करा, आणि तो गावात ज्याने खरोखर भार वाहिला त्याचा करा. त्यात पहिली शाळा शिकलेली मुलगी, विहिरीचा गाळ काढणारा आणि बाळंतपणे करणारी परिचारिका यांची नावे आधी पाहा. आणि वर्गणीचा जमाखर्च आठ दिवसांत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. भिंत आम्ही देतो, अक्षर आमची पोरे काढतील.

हे मागितल्याने कोणी रागावेल. रागावू द्या. देवापुढचा मध्यस्थसुद्धा पहिल्यांदा रागावलाच होता.