पत्रावळ की पितळेचे ताट?

17 जानेवारी 2025 रोजी तामिळनाडूत महेंद्रगिरी येथे इस्रोने ‘विकास’ इंजिनाची एक चाचणी घेतली. इंजिन 60 सेकंद चालले, 120 सेकंद बंद राहिले आणि पुन्हा 7 सेकंद पेटले. अशी इंजिने आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात घडवली गेली आहेत. इंजिन पुन्हा पेटले, तरच अग्निबाणाचा खालचा टप्पा वेग आवरून जमिनीवर उभा उतरेल.

मग अवकाशप्रवास लगेच स्वस्त होईल? मला तसे वाटत नाही.

आमच्या नळदुर्गाला गावजेवण असले की पत्रावळी मांडतात. पितळेचे ताट महाग, जड, शिवाय घासावे लागते. ते परवडते रोज जेवणाऱ्या घरालाच. अग्निबाणाचेही तसेच आहे. परतीसाठी इंधन राखावे लागते, पाय बसवावे लागतात. तेवढे उपग्रहाचे वजन कमी न्यावे लागते. आणि घासणे? अमेरिकेचे स्पेस शटल 1981 ते 2011 या काळात 135 वेळा उडाले, पण दर फेरीनंतर त्याच्या उष्णतारोधक फरशा तपासता तपासता नाकी नऊ येत. ते कधीच स्वस्त झाले नाही.

स्पेसएक्स या खाजगी कंपनीने 2015 मध्ये फाल्कन-9 चा टप्पा उतरवला, 2017 मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. 2024 मध्ये तिची उड्डाणे शंभराच्या वर गेली. तिथे पंगत रोजचीच! इस्रोची त्या वर्षी पाच झाली. पाचांसाठी पत्रावळच बरी, असे माझे मत आहे. इंजिनाचे प्रयोग मात्र आत्ताच हवेत. उतरायला शिकण्यात वर्षे जातात.