पैसे मोजता, तर कचराही मोजा

समुद्र स्वच्छ करायला पैसा मिळत नाही, ही तक्रार आता पूर्ण खरी राहिलेली नाही. अनुदाने निघतात, नवकल्पनांच्या स्पर्धा भरतात, बक्षिसे जाहीर होतात. प्रश्न आहे तो हा पैसा कशाच्या बदल्यात दिला जातो याचा. नेटक्या लिहिलेल्या प्रस्तावाच्या बदल्यात, की पाण्यातून खरोखर बाहेर आलेल्या घाणीच्या? किनाऱ्यावर राहणाऱ्या, मासळी खाणाऱ्या आणि कर भरणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब मागितला पाहिजे. त्यासाठी हे पत्रक.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगारांचा जीव गेला आणि समुद्रतळाच्या विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. ते उपसायला शेकडो बोटी उतरल्या. तरीही अमेरिकन सरकारच्याच अंदाजानुसार, पाण्यावरून यंत्रांनी गोळा झालेले तेल एकूण गळतीच्या जेमतेम ३ टक्के होते. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटले, त्यानंतरच्या दोन दशकांत तेल काढण्याचे तंत्र विशेष पुढे सरकलेच नव्हते. विहिरी मात्र खोल खोल जात राहिल्या.

२०१० च्याच जुलैत वेंडी श्मिट यांच्या देणगीतून एक्स प्राइझ प्रतिष्ठानने १४ लाख डॉलरची स्पर्धा पुकारली. तिच्या अटींत विशेषणे नव्हती, आकडे होते. यंत्राने मिनिटाला किमान २,५०० गॅलन तेल उचलले पाहिजे आणि उचललेल्या द्रवात किमान ७० टक्के तेलच असले पाहिजे. ३५० हून अधिक संघांनी नावे नोंदवली, १० अंतिम फेरीत पोहोचले. त्यांत तेलधंद्यात मुरलेल्या कंपन्या होत्या आणि लास व्हेगासचा एक गोंदणकारही होता. २०११ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या ओमसेट या दोनशे मीटर लांबीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कृत्रिम लाटा उठवून, प्रत्येक यंत्राची चाचणी झाली. इलिनॉयमधल्या कार्मी गावच्या इलास्टेक कंपनीच्या खाचदार चकत्यांनी मिनिटाला ४,६७० गॅलन, म्हणजे साडेसतरा हजार लिटरहून जास्त तेल उचलले आणि उचललेल्या द्रवात ८९.५ टक्के तेल होते. त्यांना १० लाख डॉलर मिळाले. नॉर्वेच्या नोफी या संघाला ३ लाख मिळाले. तिसरे १ लाखाचे बक्षीस कोणालाच दिले नाही, कारण रेषा ओलांडणारे तिसरे यंत्र नव्हते.

या स्पर्धेतून शिकण्यासारखे सर्वांत मोठे काही असेल, तर ते हे न दिलेले बक्षीस. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत एवढा ताठपणा क्वचित दिसतो.

पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. स्पर्धा जाहीर झाल्यावर काही दिवसांतच, ७ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबईच्या तोंडावर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कांदळवनांवर त्याचा थर बसला. विजेते यंत्र सिद्ध झाल्यानंतर पाच वर्षांनी, २८ जानेवारी २०१७ रोजी, चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर पुन्हा दोन जहाजांची टक्कर झाली. किनाऱ्याच्या खडकांत साचलेला तेलाचा चिखल मच्छीमारांनी, विद्यार्थ्यांनी आणि जवानांनी बादल्यांनी उपसला. तिथे आणलेल्या शोषक पंपांना तो दाट गाळ ओढवेना.

टाकीतल्या लाटांवर तरंगणारे तेल वेगळे आणि आपल्या खडकाळ किनाऱ्याला चिकटणारे जहाजाचे जाड इंधन वेगळे. म्हणून परीक्षा आपल्या समुद्राची हवी: पावसाळ्यातला गढूळ खवळलेला दर्या, खाडीचे तोंड, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. शिवाय जिंकलेले यंत्र कोणते बंदर विकत घेणार, ते कुठे तयार ठेवणार, चालवायला कोणाला शिकवणार, हे स्पर्धा पुकारण्याआधीच लेखी ठरलेले असले पाहिजे. खरेदीचे वचन नसेल, तर शोध टाकीतच राहतो.

अनुदानांची गोष्ट वेगळी आणि अधिक बोचरी आहे. अमेरिकेच्या २००६ च्या सागरी कचरा कायद्यात सरकारी वाटा सर्वसाधारणपणे खर्चाच्या निम्म्यापर्यंतच आहे. सूट देता येते, पण एरवी उरलेले निम्मे अर्जदाराने उभे करायचे. ज्याच्याकडे अर्ज लिहिणारा आणि देणग्या जमवणारा कर्मचारीवर्ग आहे त्याला हे जमते. ज्याच्या जाळ्यात तो कचरा रोज येतो त्याला जमत नाही.

वसई, वर्सोवा, मढ इथली डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडून उभी असतात. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा येतो आणि पिशव्या, बाटल्या, चिंध्याही येतात. ते निवडत बसण्यात कोळणींचे तास जातात. हा कचरा परत पाण्यात न टाकता बंदरावर आणला, तर खलाशाला त्याचे काय मिळते? उलट त्याच्या बोटीतली जागाही जाते आणि वेळही.

दक्षिण कोरियाने २००३ पासून याचे साधे उत्तर दिले: मच्छीमाराने समुद्रातला कचरा पिशवीत भरून आणावा, पिशवीच्या आकाराप्रमाणे पैसे घ्यावेत. केरळात कोल्लमच्या शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ मध्ये ‘शुचित्व सागरम्’ सुरू झाले. बोटींना पिशव्या दिल्या, बंदरावर कचरा निवडायला स्त्रियांना पगारी काम दिले, आणि तुकडे केलेले प्लास्टिक रस्त्यांच्या डांबरात गेले. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे २५ टन कचरा बाहेर आला. त्यासाठी कोणताही चमत्कारी शोध लागला नव्हता.

महाराष्ट्रालाही ही पद्धत परकी नाही. जाळ्यात अडकलेले कासव किंवा बहिरी मासा सोडवताना जाळे कापावे लागले, तर छायाचित्राच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ च्या अखेरीस आणली. आधी काम, मग पुरावा, मग थेट पैसे. कासवासाठी जे चालते ते कचऱ्यासाठी न चालण्याचे एकही कारण नाही.

आणि जिथे उत्तर ठाऊक आहे तिथे बक्षीस लावणे म्हणजे वेळकाढूपणा. सांडपाणी कसे शुद्ध करावे हे जगाला शंभर वर्षांपासून माहीत आहे. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या सात प्रकल्पांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च १७ हजार कोटींहून जास्त. इथे स्पर्धा नको, वेळापत्रक हवे, आणि उशीर झाला तर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे.

तेव्हा मागणी अशी आहे. समुद्रासाठी दिलेल्या प्रत्येक अनुदानाचा ताळेबंद, किती किलो कचरा कुठून निघाला आणि तो शेवटी कुठे गेला यासह, मराठीत आणि बंदरावरच्या फलकावर लागावा. स्पर्धा पुकारलीच, तर गरीब संघांना, मच्छीमार सोसायट्यांना, आयटीआयच्या पोरांना नमुना बनवण्यापुरती लहान रक्कम आगाऊ मिळावी, मोठी रक्कम उघड्या चाचणीनंतरच. परीक्षक मंडळात खलाशी आणि कोळीण असावेत, आणि कोणीच रेषा ओलांडली नाही तर पैसा राखून ठेवण्याचा अधिकार त्यांना असावा. ससून डॉक, सातपाटी, हर्णे, मिरकरवाडा आणि मालवण इथे वजनकाटा बसवून आणलेल्या कचऱ्याला किलोमागे दर बांधून द्यावा. मच्छीमार सोसायट्यांनी येत्या सभेत हा ठराव मांडावा आणि त्याची प्रत मत्स्यव्यवसाय आयुक्तांना व आपल्या आमदाराला पोच घेऊन द्यावी.