पाळण्यातले पाय आणि बर्फावरची हॉकी

जून १९९३. कॅनडातील क्वेबेक शहरात बर्फावरच्या हॉकीतील होतकरू मुलांची वार्षिक निवड भरली होती. नॅशनल हॉकी लीगमधील व्यावसायिक संघ दरवर्षी अठराच्या आसपासच्या मुलांमधून पाळीपाळीने एकेकाला आपल्याकडे घेतात. त्या वर्षी पहिली पाळी ओटावा संघाची होती आणि त्यांनी कुणाला घ्यायचे याविषयी फारशी शंका कुणालाच नव्हती. अलेक्सांद्र देग या मुलाने ज्युनियर लीगच्या ५३ सामन्यांत ४५ गोल केले होते आणि ९२ गोलांना हातभार लावला होता. या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याच्यापर्यंत चकती पोचवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही एकेक मिळतो. त्या हिशेबाने देगचे गुण झाले १३७. एवढ्या गुणांचा मुलगा पुढे मैदान गाजवणार नाही तर कोण गाजवणार?

पुढे झाले ते असे. देग एनएचएलमध्ये ६१६ सामने खेळला आणि त्यात त्याला ३२७ गुण मिळाले. ही कामगिरी टाकाऊ मुळीच नव्हे, पण त्याच्यावर बांधलेल्या अपेक्षांच्या मानाने फारच थोडी. त्याच वर्षी जन्मलेला, त्याच क्वेबेक प्रांतातला मार्टिन सेंट लुई हा दुसरा मुलगा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. त्याला ना त्या वर्षी कुणी निवडले, ना पुढच्या. तो विद्यापीठात शिकला, तिथेच खेळत राहिला आणि १९९८ साली मागच्या दाराने लीगमध्ये आला. पहिल्या संघाने दोन वर्षांत त्याला सोडून दिले. तोच सेंट लुई २००४ साली आणि पुन्हा २०१३ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. कारकिर्दीचे एकूण गुण १,०३३.

मग मुलांचे आकडे पाहूच नयेत काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कॉनर मॅकडेव्हिडने २०१४-१५ च्या ज्युनियर मोसमात ४७ सामन्यांत १२० गुण मिळवले होते. तो त्याच वर्षी पहिला निवडला गेला आणि पुढे अपेक्षेपेक्षाही मोठा झाला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे खोटे नाही. फक्त पायांबरोबर पाळणाही पाहावा लागतो.

हा पाळणा पाहण्याची रीत गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहे. पहिला प्रश्न असा, की गुण कुणाविरुद्ध मिळवले? प्रत्येक लीगची काठिण्यपातळी वेगळी असते. तिथून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे आधीचे व नंतरचे आकडे ताडून अभ्यासक त्या लीगसाठी एक गुणक ठरवतात. समजा, एका मुलाला सामन्यामागे दीड गुण मिळतो आणि त्याच्या लीगचा गुणक ०.३ आहे. तर एनएचएलच्या ८२ सामन्यांत त्याच्या आजच्या खेळाची किंमत सुमारे ३७ गुण. दुसरा प्रश्न, त्याच्या शेजारी कोण खेळत होते? आणि प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, म्हणजे सोप्या वेळी, यातले किती गुण मिळाले?

तिसरा प्रश्न वयाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात. साहजिकच जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. नऊ-दहाव्या वर्षी हे अंतर फार मोठे असते. थोराड मुलगा चांगल्या संघात जातो. तिथे त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले होते, की कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते.

पण खरी मेख पुढेच आहे. १९८० ते २००७ या काळात निवडल्या गेलेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निवडीत सारख्याच क्रमांकावर घेतलेल्या मुलांची तुलना केली तर, वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांची ४०० सामने किंवा २०० गुणांचा टप्पा गाठण्याची शक्यता सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे लहान मुलांना निवडणारे सातत्याने कमी लेखत होते. ही माणसे अडाणी नव्हती. मुले पाहणे हाच त्यांचा धंदा होता आणि एकेका चुकीची किंमत लाखो डॉलर होती. तरीही आज मोठा दिसणारा आणि उद्या मोठा होणारा यांतला फरक त्यांच्या डोळ्यांतून निसटत राहिला.

आता गणित पुष्कळ नेमके झाले आहे. मात्र त्याचे उत्तर नेहमी समुदायाविषयी असते. अशा शंभर मुलांपैकी साधारण किती यशस्वी होतील, हे ते सांगू शकते. त्या शंभरांतला तुमचा मुलगा कोणता, हे ते सांगू शकत नाही. संघचालकाला शंभरांचा हिशेब पुरतो. आईबापांना आणि शिक्षकांना तो पुरत नाही, कारण त्यांच्यापुढे एकच मूल उभे असते.

आपल्याकडे बर्फाची मैदाने नाहीत, पण दहावी-बारावीचे निकाल घरोघरी लागतात. पेढे वाटावेत, त्यात काही वावगे नाही. मात्र ज्या घरी पेढे आले नाहीत, तिथे निकालपत्र हातात घेताना एवढे आठवावे, की १९९३ च्या त्या जून महिन्यात मार्टिन सेंट लुई नुकताच अठरा वर्षांचा झाला होता, आणि त्याचे नाव कुणीही पुकारले नव्हते. फरक इतकाच, की त्याला खेळत राहायला जागा मिळाली. ती जागा देणे आपल्या हाती आहे.