मनोऱ्यातील राखीव माणूस

१२ जून २०२५ रोजी दुपारी १ वाजून ३९ मिनिटे ५ सेकंद या वेळी अहमदाबादच्या नियंत्रकाच्या कानी 'मेडे' हा शब्द तीन वेळा आला. लंडनकडे निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाने जमीन सोडून तेव्हा अवघे सव्वीस सेकंद झाले होते. नियंत्रकाने विमानाचे संकेतनाम विचारले. उत्तर आले नाही. आणखी सहा सेकंदांनी विमानातील नोंदयंत्र थांबले आणि विमान विमानतळाच्या हद्दीबाहेर कोसळताना नियंत्रकाला दिसले. त्याने आपत्कालीन यंत्रणा जागी केली. १ वाजून ४४ मिनिटे ४४ सेकंदांनी अग्निशामक गाडी विमानतळाबाहेर पडली. चौकशीच्या प्राथमिक अहवालातील नियंत्रकाची भूमिका एवढ्या दोन-तीन वाक्यांत संपते.

या अपघातात २६० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरची सारी चर्चा इंजिनांचा इंधनपुरवठा कसा तुटला या प्रश्नाभोवती फिरत राहिली, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या दोन-तीन वाक्यांआड एक निराळा प्रश्न दडलेला आहे. हाकेला ओ येणे थांबले, की मनोऱ्यातला माणूस पुढे कोणाशी आणि काय बोलतो? सामान्य समजूत अशी की, तो हरवलेल्या विमानाला हाका मारीत राहतो. तसे तो करतोही. परंतु त्याचे मुख्य काम त्या क्षणी वेगळेच असते. एखादे विमान उतरण्याच्या बेतात असते, त्याला धावपट्टीवर न टेकता पुन्हा वर जाण्यास सांगावयाचे असते. निघण्यासाठी रांगेत उभी असलेली विमाने जागच्या जागी थोपवावयाची असतात. दूरवरून येणाऱ्यांना घिरट्या घालण्यास लावावयाचे किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळवावयाचे असते, आणि त्यासाठी प्रत्येकाजवळ इंधन किती उरले आहे ते विचारावे लागते. अग्निशामक दलाला जागा दाखवावयाची, शेजारच्या नियंत्रण केंद्राला कळवावयाचे, वरिष्ठांना उत्तरे द्यावयाची. आणि हे सर्व त्याने अशा आवाजात बोलावे लागते, की ऐकणाऱ्या वैमानिकाचा हात थरथरू नये.

यात अडचण अशी की, ज्या बिनतारी लहरीवर हे संभाषण चालते तिच्यावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. अर्थशास्त्रात आपण दुर्मीळ साधनसामग्रीची व्याख्या शिकवितो, तिचे इतके शुद्ध उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर दोघांचेही शब्द जातात आणि उरतो तो एक कर्कश सूर. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर हेच घडले. दाट धुक्यात एक डच जंबो विमान धावपट्टीवर निघाले होते. 'थांबा, मी तुम्हाला बोलावीन' हे मनोऱ्याचे शब्द आणि 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे अमेरिकन विमानाचे शब्द एकमेकांवर आदळले. ५८३ माणसे गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा अपघात. पुढे जगभर नियम झाला, की 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारावयाचा.

टेनेरिफच्या या शब्दांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. धडकेनंतरच्या मिनिटांविषयी मात्र फारच थोडे. मनोऱ्याला स्फोटाचे आवाज आले, परंतु धुक्यामुळे काही दिसेना. उभ्या असलेल्या एका विमानाने आग दिसल्याचे कळविले, पण नेमकी कोठे ते त्यालाही सांगता येईना. बंब धुक्यातून चाचपडत गेले आणि पेटलेल्या डच विमानापाशी पोहोचले. पलीकडे आणखी एक उजेड दिसला, तो त्याच विमानाचा तुटलेला भाग असावा असे त्यांना वाटले. जवळ गेल्यावर कळले, की ते दुसरेच विमान आहे. त्या दुसऱ्या विमानातील ६१ माणसे वाचली, डच विमानातील एकही नाही. सांगणारा कोणी नसला म्हणजे मदतीलाही डोळे उरत नाहीत.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या नियंत्रकाला ती बातमी दिली एका त्रयस्थाने. त्या भागातून येत असलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाने एक ढग आतून नारिंगी उजळल्याचे कळविले. नियंत्रकाच्या हाकांना दोन्ही विमानांकडून काहीच आले नव्हते. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नसे. कोण किती उंचीवर आहे हे वैमानिक सांगेल तेवढेच.

आता न्यूयॉर्कचे उदाहरण घेऊ. १५ जानेवारी २००९ रोजी पक्ष्यांचा थवा धडकून दोन्ही इंजिने निकामी झालेल्या विमानाचा वैमानिक नियंत्रकाला म्हणाला, की आम्ही हडसन नदीत उतरणार. पॅट्रिक हार्टन या नियंत्रकाने ते पुन्हा सांगण्यास सांगितले, कारण असे वाक्य कानांवर विश्वास बसण्याजोगे नसते. त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत त्याने लाग्वार्डियावरील उड्डाणे थांबविली होती, एकामागून एक दोन विमानतळांच्या धावपट्ट्या देऊ केल्या होत्या, आणि मधल्या फटीत आपल्या हवाली असलेल्या इतर विमानांना दिशाही देत होता. पडद्यावरून ठिपका नाहीसा झाल्यावरही तो नेवार्कची धावपट्टी सुचवीत राहिला. मग त्याला खुर्चीवरून उठविण्यात आले आणि त्याच्या जागी दुसरा बसला. विमानातील सर्व १५५ जण वाचले. हार्टनने पुढच्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, तीत त्याने आपल्या मनाची झालेली अवस्था मोकळेपणाने सांगितली. त्या सर्वांशी अखेरचे बोलणारा माणूस आपणच, अशी त्याची त्या वेळी खात्री झाली होती.

या हकिकतीतील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य 'त्याच्या जागी दुसरा बसला' हे आहे. तो दुसरा तेथे होता, म्हणून बसला.

१ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या नियंत्रण केंद्रात तो नव्हता. म्हणजे इमारतीत होता, परंतु विश्रांती घेत होता. रात्रपाळीत दोघांपैकी एकाने झोपावे ही तेथील वहिवाट व्यवस्थापनाला ठाऊक होती आणि तिने ती चालू दिली होती. जागा असलेला नियंत्रक दोन जागांची कामे एकटाच पाहत होता. दुरुस्तीसाठी मुख्य दूरध्वनी बंद होते. उशिरा आलेल्या एका विमानाला उतरवून देण्यासाठी तो शेजारच्या विमानतळाशी बोलू पाहत होता आणि फोन लागत नव्हता. जर्मनीतील कार्ल्सरूहच्या नियंत्रकाला धोका आधी दिसला, त्यालाही फोन लागला नाही. इबरलिंगनच्या आकाशात दोन विमाने आदळून ७१ जण गेले, त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. फेब्रुवारी २००४ मध्ये आपले कुटुंब गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी भोसकून ठार केले. आणि २००७ मध्ये स्विस न्यायालयाने दोषी ठरविले ते कंपनीच्या चार व्यवस्थापकांना. हा क्रम नीट पाहण्याजोगा आहे. जमाखर्चात ज्याने एका माणसाचा पगार वाचविला तो शेवटी पुढे आला. तोपर्यंत खुर्चीवर बसलेला माणूस सर्व किंमत देऊन बसला होता.

आमच्या महाविद्यालयांतून परीक्षेच्या वेळी राखीव पर्यवेक्षक नेमतात. बहुतेक दिवशी तो वर्तमानपत्र वाचीत बसलेला असतो आणि एखादा काटकसरी परीक्षाप्रमुख त्याच्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालतो. वर्गातल्या पर्यवेक्षकाला भोवळ येते त्या दिवशी मात्र कोणी आठ्या घालीत नाही. हिशेबाच्या वहीत राखीव माणूस हा रिकामा माणूस म्हणूनच दिसतो, कारण त्याने टाळलेले नुकसान घडतच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद करण्याचे रकाने आपण अजून आखलेले नाहीत.

भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात नियंत्रकांची टंचाई, लांबलेल्या पाळ्या आणि साचलेला थकवा यांकडे स्पष्ट शब्दांत लक्ष वेधले. मुंबई, दिल्ली, अहमदाबाद हे विमानतळ खासगी कंपन्या चालवितात, परंतु तेथील नियंत्रक हे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, म्हणजे सरकारी. विमानतळ वाढविण्याचा निर्णय एकाचा आणि माणसे पुरविण्याची जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. इमारतीला कर्ज मिळते, धावपट्टीला कंत्राटदार मिळतो. नियंत्रक मात्र बाजारात विकत मिळत नाही. प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या संस्थेत शिकल्यानंतर त्याला प्रत्येक नव्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून पुन्हा पात्र ठरावे लागते. ज्याने शिकवावयाचे तो अनुभवी माणूसच आधी कमी पडत असेल तर ही भरती मंत्रालयाच्या आदेशाने वेग घेईल, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरात असते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी पावसात एक छोटे खासगी विमान घसरून पडले. जीवितहानी झाली नाही, परंतु विमानतळ दीड तासाहून अधिक काळ बंद राहिला. त्या दीड तासात मुंबईकडे निघालेल्या प्रत्येक विमानाशी कोणीतरी बोलत होते.

८ जून २०२४ रोजी याच विमानतळावर एक विमान उड्डाण घेत असतानाच दुसरे त्याच्यामागे त्याच धावपट्टीवर उतरले. अपघात झाला नाही. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले आणि वृत्तपत्रांनी ती बातमी शिक्षेच्या भाषेत दिली. वस्तुतः गंभीर प्रसंगानंतर नियंत्रकाला खुर्चीवरून उठविणे हा जगभरचा प्रघात आहे. हार्टनलाही उठविले होतेच. एकीकडे ती कृती माणसाला आणि पुढच्या विमानाला सांभाळण्यासाठी होते, दुसरीकडे तीच दोषारोपाची पहिली पायरी म्हणून वाचली जाते. १९७६ च्या झाग्रेबच्या अपघातानंतर युगोस्लाव्हियाने एका तरुण नियंत्रकाला सात वर्षांची सजा दिली होती. सहकाऱ्यांच्या विनंत्यांनंतर १९७८ मध्ये त्याला सोडावे लागले. ज्या खोलीत चूक कबूल करणे म्हणजे तुरुंग, त्या खोलीत अपघातानंतर पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी माणूस स्वतःचा विचार करणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या छोट्या विमानातील सहांपैकी पाच जण गेले. 'क्रमांक एक' या रांगेतील स्थान सांगणाऱ्या शब्दांवरून वैमानिकाने धावपट्टीवर जाण्याची परवानगी गृहीत धरली. गंमत अशी की, मनोऱ्याची सूचना त्याने परत म्हणून दाखविली तेव्हा ती अचूक होती. नियंत्रकाच्या पडद्यावर धावपट्टी अडली असल्याचा इशारा उमटला होता, पण तो पाहण्यास कोणाचे डोळे मोकळे नव्हते. चार दिवसांनी, ६ जानेवारीपासून, जपानने त्या मनोऱ्यात केवळ तो पडदा पाहत बसण्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमला. आपल्या किती विमानतळांवर, किती पाळ्यांत असा माणूस बसलेला असतो, हे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत आकडेवार सांगावे.